स्टेंट बसलेल्या माणसाची नोंद कोण ठेवणार?

प्रति,
मा. संपादक,

स.न.वि.वि.

दरवर्षी २९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाच्या सुमारास आपल्या मराठवाड्यात गावोगावी हृदयरोग तपासणीची शिबिरे होतात. किती जणांचा ईसीजी काढला, किती जणांना पुढील तपासणीसाठी पाठवले, किती जणांची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने हृदयाची धमनी उघडण्याचा उपचार, सरकारी योजनेतून मोफत झाली, याचे आकडे आपल्या दैनिकात छापून येतात आणि ते यायलाच हवेत. मात्र ज्यांना स्टेंट, म्हणजे ती धमनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी, बसला ती माणसे वर्षभरानंतर कशी आहेत, गोळ्या घेतात की नाही, चालतात की खाटेवर पडून असतात, त्यांच्या ताटात काय पडते, याची विचारपूस करणारी बातमी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. मला स्वतःला स्टेंट बसलेला आहे आणि त्याआधीची तीस वर्षे मी एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून काढली आहेत. या दोन्ही अनुभवांतून जे दिसले ते मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या वैशाखात चार दिवस माझ्या छातीच्या मधोमध जळजळ होत होती, जबडा ठणकत होता आणि जिना चढताना धाप लागत होती. पित्त समजून मी ओवा चावला, सोडा घेतला. जवळच्या एका दवाखान्यात गेले तर तिथेही पित्ताचेच इंजेक्शन मिळाले, कारण ५८ वर्षांच्या, तंबाखूला कधी हात न लावलेल्या बाईला हृदयविकार असेल हे ना तिथल्या डॉक्टरांच्या मनात आले, ना माझ्या. पाचव्या दिवशी धुणे वाळत घालताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मुलाने गाडी करून लातूरला नेले. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पोहोचवणारी डावी धमनी ९० टक्के बंद निघाली. मनगटातून नळी घालून स्टेंट बसवला आणि चौथ्या दिवशी मी घरी आले. ज्यांनी त्या रात्री धावपळ करून माझा जीव वाचवला, त्यांचे ऋण मी विसरणार नाही. पण घरी येताना हातात पडलेले चार पानी कार्ड सगळे इंग्रजीत होते आणि तोंडी सूचना एवढीच मिळाली की मीठ-तेल कमी करा आणि जपून राहा.

‘जपून राहा’ या दोन शब्दांचा आमच्या घरात जो अर्थ लावला गेला, तोच अर्थ मराठवाड्यातल्या हजारो घरांत लावला जात असेल याची मला खात्री आहे. मला उठू दिले जात नव्हते. पाण्याचा तांब्या उशाशी, जेवण खाटेवर, भेटायला येणारा प्रत्येक जण हळू आवाजात बोलणारा. रात्री कूस बदलतानाही स्टेंट जागचा सरकेल अशी धास्ती वाटे. दोन महिन्यांत माझे वजन चार किलोने वाढले, पिंढऱ्यांतली ताकद गेली, झोप उडाली आणि आपण आता कामाच्या राहिलो नाही ही भावना मनात घर करून बसली. पुढे तपासणीला गेले तेव्हा एका परिचारिकेने पाच मिनिटे जवळ बसून समजावले की स्टेंट फुग्याच्या दाबाने धमनीच्या भिंतीत घट्ट बसवलेला असतो, तो खोकल्याने, शिंकेने वा चालण्याने हलत नाही. आणि माझ्या हृदयाचे पंपिंग जवळपास नेहमीसारखे असल्याने पडून राहणेच मला जास्त घातक आहे. ती पाच मिनिटे मला पहिल्या आठवड्यात मिळाली असती तर ते दोन महिने वाया गेले नसते.

आपल्याकडे स्टेंटला ‘स्प्रिंग’ म्हणतात आणि स्प्रिंग टाकली म्हणजे दुखणे मिटले असे धरून चालतात. गैरसमजाचे मूळ इथेच आहे. फुग्याने हृदयाची धमनी उघडण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिकला केली आणि माणसाच्या हृदयधमनीत पहिले स्टेंट १९८६ मध्ये बसले. म्हणजे हा उपचार माझ्यापेक्षाही वयाने लहान आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधी लेप असलेला स्टेंट त्या वेळी तीस हजारांच्या आसपास आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे तर ज्यांनी पूर्वी शेत गहाण टाकले असते त्यांनाही तो मिळू लागला. ऐन झटक्यात केलेली अँजिओप्लास्टी प्राण वाचवते, यात शंका नाही. मात्र स्टेंट उघडतो ती एक जागा. धमन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचण्याचा जो आजार आहे तो शरीरभरच्या धमन्यांत असतो, तो तसाच राहतो, आणि त्याला आवर घालायचे काम गोळ्या, चालणे, ताट आणि तंबाखू सोडणे यांनाच करावे लागते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतील रुग्णांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने दाखवले की पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांत सामावलेला आहे: तंबाखू, रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि मद्य. आपल्या उपखंडातील माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, हेही त्याच अभ्यासात दिसले. हे नऊच्या नऊ घटक घरात आणि गावात राहतात, रुग्णालयात नव्हे. म्हणून रुग्ण घरी परतल्यावर त्याच्या मागे कोणी जात नसेल तर निम्मा उपचार झालाच नाही, असे माझे मत आहे.

गोळ्यांबद्दल आधी लिहिते, कारण माणसे दगावतात ती इथे. आमच्या गल्लीतील एका शेतकरी गृहस्थांना माझ्यानंतर वर्षभराने स्टेंट बसला. तीन महिन्यांत अंगात बळ आले, शेतात जाऊ लागले, आणि ‘आता कशाला विकतचे विष’ म्हणून त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या. गोळ्या सोडल्यापासून पाचव्या आठवड्यात त्याच स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली आणि त्यांना मध्यरात्री पुन्हा लातूरला न्यावे लागले. ते वाचले, पण हृदयाचे पंपिंग निम्म्याने गेले आणि आज त्यांना बांधापर्यंत चालतानाही थांबावे लागते. त्यांना कोणी साध्या शब्दांत सांगितले नव्हते की स्टेंटची जाळी धातूची असते, तिच्यावर शरीराचे स्वतःचे पातळ अस्तर चढायला काही महिने लागतात, आणि तोवर उघड्या धातूवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या द्याव्या लागतात. झटका येऊन गेलेल्याला त्या बहुधा वर्षभर असतात, पुढे एक कायम राहते. कोलेस्टेरॉलची गोळीही अहवाल चांगला आला म्हणून थांबवायची नसते, कारण अहवाल तिच्यामुळेच चांगला आलेला असतो. एकदा हा आजार झालेल्याचे वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली आणि पुष्कळ डॉक्टरांच्या मते ५५ च्याही खाली असावे लागते.

गोळी चुकण्याची आपल्याकडची कारणेही खास आपली आहेत. एकादशीला आणि श्रावण सोमवारी ‘उपवास आहे’ म्हणून गोळी न घेणाऱ्या तीन जणी मला माहीत आहेत. गोळीने उपवास मोडत नाही, हे आमच्या देवळातल्या महाराजांनीच कीर्तनात सांगितले तेव्हा कुठे त्यांना पटले. डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा त्या एका वाक्याचा उपयोग अधिक झाला. दाढ काढण्यासाठी कोणाला न विचारता रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर बंद ठेवणारेही भेटतात. लग्नसराईत परगावी जाताना डबी घरी राहते. औषध दुकानात नेहमीची गोळी नसली की ‘पुढच्या आठवड्यात येईल’ यावर माणूस परत येतो. आणि अलीकडे मोबाइलवर फिरणारा लसूण, आले, लिंबू आणि सफरचंदाच्या व्हिनेगरचा काढा ‘ब्लॉकेज उघडतो’ म्हणून गोळ्यांच्या जागी घेतला जातो. लसूण भाजीत खावा, आवडीने खावा. पण धमनीतला अडथळा काढ्याने विरघळत नाही. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात यांतल्या बहुतेक गोळ्या बऱ्याच स्वस्तात मिळतात, हे सांगणारे तरी कोणी हवे.

आता चालण्याविषयी. माझे यजमान एस.टी.त चालक होते. मी त्यांना कधीतरी वाचलेली गोष्ट सांगत असे, की लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरच्या चालक-वाहकांचा अभ्यास करून १९५३ मध्ये दाखवले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून वर-खाली करत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. एकच गाडी, एकच रस्ता, एकच डेपो, फरक पायांचा. तेव्हा मी हे त्यांना ऐकवत होते आणि स्वतः मात्र जीपमधून अंगणवाड्या तपासत फिरत होते.

परिचारिकेने सांगितल्यावर मी अंगणात सुरुवात केली. सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे, सपाट जागेवर. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवत तिसऱ्या महिन्यात सलग अर्ध्या तासापर्यंत आले. आज आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटे चालते, म्हणजे दोनशे मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत, त्यात ते बसते. वेग किती असावा हे घड्याळावर वा नाडीवर ठरवू नये, कारण आमच्यापैकी अनेकांना नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असते आणि ठोके वाढतच नाहीत. मला सांगितलेली खूण सोपी आहे: चालताना अभंग म्हणता येत असेल तर पाय उचलावेत, आणि सोबतिणीशी बोलताना शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. पहिली पाच मिनिटे आणि शेवटची पाच मिनिटे संथ चालावे, एकदम थांबू नये. जेवल्यावर लगेच निघू नये. चालताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, घाम फुटला, तर तिथेच खाली बसावे, डॉक्टरांनी दिलेली असेल ती जिभेखालची गोळी बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरून उभा माणूस पडू शकतो, आणि १०८ ला फोन करावा. घरी जाऊन बघू, असे म्हणू नये. मी चार दिवस तेच म्हणत होते. ज्यांचे पंपिंग कमी झाले आहे किंवा ज्यांच्या आणखी धमन्या बंद आहेत, त्यांनी वेळ आणि वेग आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. भरलेली घागर श्वास रोखून उचलणे आणि शांतपणे चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने रक्तदाब एकदम चढतो. पाणीटंचाईच्या दिवसांत आमच्याकडच्या किती स्टेंट झालेल्या बायका घागरी वाहतात, हे कोणी विचारत नाही. लहान कळशीने दोन खेपा जास्त कराव्यात, एवढे तरी त्यांना सांगायला हवे.

मराठवाड्याची हवाही ध्यानात घ्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा साडेपाचला निघून साडेसहाला घरात असलेले बरे. याच दिवसांत रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी काहींना चक्कर येते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने सोडू नये, रक्तदाब मोजून डॉक्टरांना दाखवावा. उलट पौष-माघात पहाटेच्या गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तेव्हा सूर्य वर आल्यावर, कान झाकून निघावे.

पण बाईमाणसाने चालायचे कुठे? आमच्या तालुक्याच्या गावात रस्त्याला फूटपाथ नाही, ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून धावतात, कुत्री अंगावर येतात. शाळेचे मैदान आहे, तर फाटकाला दहा वाजेपर्यंत कुलूप. नऊवारी-सहावारीखाली बूट घालून निघालेल्या बाईकडे लोक वळून पाहतात आणि ‘सकाळी सकाळी कुठं निघालात?’ हा प्रश्न दर चौकात येतो. मी पहिले पंधरा दिवस हातात दुधाची किटली घेऊन निघत असे, म्हणजे कामाला निघाल्यासारखे दिसे. नंतर शेजारच्या दोघी आल्या, आता आम्ही सात जणी आहोत आणि किटली घरी राहते. नगर परिषदेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या ताब्यातली मैदाने पहाटे पाच ते सात उघडी ठेवावीत, दोन दिवे लावावेत. याला मोठा निधी लागत नाही; कुलपाची किल्ली कोणाकडे द्यायची, एवढाच निर्णय आहे.

आहाराबद्दल जे ऐकायला मिळते त्यातले बरेचसे शहरी असते: ओट्स, ऑलिव्ह तेल, ब्रोकोली. आमच्या बाजारात ते मिळत नाही आणि मिळाले तरी परवडत नाही. त्यामुळे ‘हृदयाचा आहार आपल्याला झेपणारा नाही’ असे म्हणून माणूस पुन्हा वडापावाकडे वळतो. वस्तुतः शाळूची भाकरी, तुरीचे वरण, पाथरीची किंवा करडईच्या कोवळ्या पानांची भाजी, जवसाची चटणी आणि ताक हे आपले जुने जेवण हृदयासाठी उत्तम आहे. भाकरीत धान्याचा कोंडा राहतो आणि ती थापताना आपण मीठ घालत नाही. जवसात ओमेगा-३ प्रकारची चरबी आहे. डाळींत प्रथिने आणि विरघळणारे तंतू आहेत. करडई तर मराठवाड्याचेच पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिच्या जाती काढल्या, तिच्या तेलात हृदयाला घातक संपृक्त चरबी अगदी थोडी. पण सोयाबीन आले आणि करडई बांधावरूनही गेली. मला तिचे दुःख वाटते, तरी हेही सांगते की लाकडी घाण्याचे असो वा पिशवीतले, करडईचे असो वा शेंगदाण्याचे, तेल किती खातो हा प्रश्न आधीचा आहे.

तो प्रश्न आमच्या घरात एका डब्याने सोडवला. आम्ही पाच माणसे. पंधरा किलोचा तेलाचा डबा आणला की सून त्यावर खडूने तारीख लिहू लागली. पहिला डबा तीन महिन्यांत संपला, म्हणजे माणशी महिन्याला एक किलो. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे, असे आहारतज्ज्ञांनी सांगितले होते. आम्ही फोडणीसाठी पळीच्या जागी चहाचा चमचा ठेवला, भजी-पुऱ्या सणापुरत्या ठेवल्या, एकदा तळलेले तेल पुन्हा तापवायचे थांबवले. अलीकडचा डबा पाच महिने गेला. अजून पूर्ण साधलेले नाही, पण जेवणाची चव गेली अशी तक्रार घरात कोणी केली नाही. मिठाचेही तसेच. दिवसभराचे सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, ही मर्यादा आहे आणि आपल्याकडे ती भाजी-आमटीबरोबरच लोणचे, पापड, ठेचा, शेव-चिवडा आणि खाऱ्या शेंगदाण्यांत मोडते. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ विकतात त्यात पोटॅशियम असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उपवासाचा साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट यांवर आठवड्यातून दोन दिवस काढणाऱ्या मधुमेही बायकांनी भगर-ताक आणि फळांवर यावे, आणि भगरही बेतानेच घ्यावी.

स्टेंटनंतरची माझी पहिली येळवस, म्हणजे आमच्याकडचा शेतातल्या पूजेचा आणि पंगतीचा सण, मी विसरत नाही. वेळ अमावास्येला आम्ही सगळे शेतात गेलो. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, मडक्यातली आंबील वाढली, भज्जीचे पातेले उघडले, उंडे फुटले, आणि जाऊबाईंनी माझ्यासमोर घरून वेगळा आणलेला डबा ठेवला: कोरडी भाकरी आणि उकडलेली डाळ. त्यांनी ते मायेनेच केले होते. पण शिवारात शंभर माणसे एकत्र जेवत असताना वेगळे ताट पुढे आले की आपण आजारी आहोत हे घासाघासाला आठवते. मी तो डबा बाजूला ठेवून उठले आणि बांधावर जाऊन रडले. पुढे आहारतज्ज्ञांना विचारले, तर त्या म्हणाल्या, भज्जीत वाईट काय आहे? तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणा, मेथी, चुका आणि थोडे बेसन. आंबील तर ज्वारीचे पीठ आणि ताक. वरून ओतलेले तेल आणि मीठ तेवढे आवरा. दुसऱ्या वर्षी अख्ख्या पातेल्याचेच तेल निम्मे केले आणि मी सगळ्यांच्या पंगतीत जेवले. रुग्णाचे ताट वेगळे केले की ते चार महिने टिकते; घराचा स्वयंपाक बदलला तर तो टिकतो, आणि ज्या मुलांना आईकडून-वडिलांकडून हाच आजार येऊ शकतो त्यांचेही भले होते. त्यात रुग्ण बाई असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पुरुषाला स्टेंट बसला की बायको त्याचे पथ्य सांभाळते. बाईला बसला की ती स्वतःचे पथ्य शेवटी, सगळ्यांचे जेवण झाल्यावर, उरलेल्यात सांभाळते.

तंबाखूबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात वादाला जागाच नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. बायकांची मिश्री मात्र कोणाच्या मोजणीत येत नाही. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते’ असे सांगणारी बाई दिवसातून चार वेळा दात घासत असते. डॉक्टर विचारतात ‘तंबाखू खाता का?’ आणि ती खरेच ‘नाही’ म्हणते. म्हणून प्रश्नच बदलावा: मिश्री लावता का?

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. अंगणवाडीत कमी वजनाचे बाळ सापडले की आम्ही त्याला एकदा दवाखान्यात दाखवून मोकळे होत नव्हतो. दर महिन्याला वजन होई, वाढीच्या तक्त्यावर ठिपका पडे, आणि तो हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात किंवा केशरीत उतरला की सेविका आईच्या घरी जाई. कागदावर काही उणे राहिले असेल, पण बाळ कोणाच्या तरी वहीत होते. दोन लाखांचा उपचार झालेला माणूस मात्र रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडला की कोणाच्याच वहीत नसतो. ज्याला हृदयरोगानंतरचे पुनर्वसन म्हणतात, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम, आहाराचा सल्ला, गोळ्यांची पडताळणी आणि मनाला धीर, त्याने पुन्हा दाखल होण्याची वेळ कमी येते आणि हृदयविकाराने होणारे मृत्यूही घटतात, हे अनेक देशांत सिद्ध झालेले आहे. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी महागडी यंत्रे लागतातच असे नाही. आपल्या उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई तीस वर्षांवरील माणसांचे अर्ज भरून घेतातच, रक्तदाब आणि साखर मोजण्याची साधने तिथे पोहोचलेली आहेत. त्याच व्यवस्थेत स्टेंट आणि बायपास झालेल्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि दर महिन्याला त्यांची विचारपूस व्हावी. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस अशा रुग्णांसाठी व्यायाम-आहार मार्गदर्शनाचा कक्ष चालावा. आणि डिस्चार्ज कार्डाचे निदान एक पान मराठीत असावे, मोठ्या अक्षरांत: कोणती गोळी कशासाठी, कधीपर्यंत, किती चालायचे, कोणत्या लक्षणाला थांबायचे. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ते होईपर्यंत मी माझ्यापुरती एक वही घातली आहे. आमच्या भागातली स्टेंट झालेली अकरा माणसे तीत आहेत, सात पुरुष आणि चार बायका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आमच्या ओसरीवर येतात. वजन, रक्तदाब, आठवड्याची चालण्याची मिनिटे आणि मिश्री-तंबाखूचे हो-नाही एवढे लिहून घेते. शेवटच्या रकान्यात गोळ्यांची पट्टी कोणत्या तारखेला संपणार ते असते आणि त्या तारखेच्या चार दिवस आधी मी फोन करते. गेल्या चौदा महिन्यांत या अकरांपैकी कोणाची रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही खंडलेली नाही. आरोग्य केंद्राने मागितली तर वही त्यांच्या स्वाधीन करायला मी तयार आहे. रकाने कसे आखायचे तेही येऊन दाखवीन.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका,
अहमदपूर, जि. लातूर